हवेतला माणूस

"आणि बोटांमध्ये हे गॉजचे रोल कशाला?" गिरिजाने विचारलं.

"स्किनला स्किन टच व्हायला नको, मावशी. जखमा होतात." नर्स रीमा इथे अमेरिकेत, श्रूजबरीतच वाढलेली, मराठी मोडकं, पण मनापासूनचं. गिरिजाच्या नवऱ्याच्या, यतीनच्या, मिटलेल्या पापण्यांवर तिने टेप लावली. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून.

डोळे बंद, हातपाय निश्चल, बोटाला बोट लागत नाही. असा एक माणूस गिरिजाच्या चांगलाच ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून तो तिच्या आणि यतीनच्या गप्पांत, जेवणाच्या टेबलावर हवेत लटकत आला होता.

यतीन कम्युनिटी कॉलेजात मध्ययुगीन मुस्लिम तत्त्वज्ञान शिकवायचा. म्हणजे नक्की काय करतो, हे नागपूरच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. त्याचा लाडका होता हजार वर्षांपूर्वीचा बुखाऱ्याचा एक हकीम. ग्रीकांचा थोर गुरू सांगून गेला होता, की जीव शरीरापासून वेगळा काढता येत नाही. हकिमाने त्याचं सगळं वाचून पचवलं आणि तरीही विचारलं: समजा, एक माणूस हवेत तरंगतोय. दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या बोटांचाही स्पर्श नाही. 'मी आहे' हे त्याला कळेल का? हकीम म्हणाला, कळेल.

"मी आपली ग्रीकांच्या पार्टीतली," बायोटेक लॅबमध्ये काम करणारी गिरिजा त्याला चिडवायची. "शेवटी पडतोच ना तो धपकन?"

"पडत नाही गं! पडला की स्पर्श आला, मग सगळं आर्ग्युमेंटच बोंबललं!" आणि दर वेळी तो तितकाच चिडायचा.

गेल्या आठवड्यात त्याच्या पायांना मुंग्या आल्या. नसांचा आजार निघाला, जीबीएस. पाय गेले, हात गेले, शेवटी पापण्याही. श्वासाला मशीन लागलं. मेंदू शाबूत आहे, त्याला बहुधा सगळं समजत असेल, असं डॉक्टर म्हणाले. बरा कधी होईल, ते मात्र कुणीच सांगेना. समजत असेल म्हटल्यावर सगळ्यांना धीर आला. गिरिजाला भीती वाटत होती ती त्याच गोष्टीची. तो आत नसला तर? आणि असला तर? ती नर्सशी बोलायची, डॉक्टरांशी बोलायची. त्याच्याशी बोलायची तिची छाती होत नव्हती.

"टॉक टू हिम, मावशी."

गिरिजा पलंगाच्या पायथ्यापासूनच बोलली. "यतीन, ऐक. तुझा तो हवेतला माणूस ना... शेवटी धपकन पडतो."

मॉनिटरवरचा हृदयाच्या ठोक्यांचा हिरवा आकडा चढला. थोडासाच.

"ग्रीक जिंकले," ती म्हणाली.

आकडा आणखी चढला.

"ही हर्ड यू!" रीमाला केवढा आनंद झाला. गिरिजाला धडकी भरली. तो आत होता. इतके दिवस त्या अंधारात तो एकटा होता, आणि ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून भलत्यांशीच बोलत होती.

"रीमा, हे रोल काढू? थोडाच वेळ?"

"हँड्स सॅनिटाइझ करा, मग ओके."

तिने गॉज काढलं आणि त्याच्या बोटांमध्ये आपली बोटं अडकवली.

"हा तुझा उजवा हात," ती म्हणाली. "आणि ही मी आहे. आता अंगठ्यापासून एकेक बोट धरून सांगते हं."