डोळे शेवटी

गौरवी टॅबवर मोप्याच्या पठारावर उतरणारा पंखवाला गवा रंगवत होती. चित्र अर्धंच होतं, तरी ऑनलाइन मित्रमैत्रिणींनी गव्याच्या डोळ्यांची वाहवा केली होती. ते तिने ऐटीत बाबांना दाखवलं. इब्रामपुरात गणपती घडवणारे बाबा मातीने माखलेले हात मागे धरून बघत राहिले.

"डोळे आधीच कशाला आखलेस गो? ते शेवटी. नाहीतर सगळे तिथंच बघतात."

गौरवी फणकारली. तरी तिने चित्रातले डोळे पुसले, आणि गव्याची मान वाकडी असल्याचं तिला लगेच दिसलं.

मान सुधारून तिने चित्र पुन्हा पुढे केलं. आजवर कुणाच्याही हाती न दिलेला बारीक ब्रश बाबांनी तिला दिला.

"यंदा गणपतीचे डोळे तू आख."