एक बटण, दोन हेडफोन

"हाही बोदाच वाजतोय," कानमास्तरांनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. "खालचा ढबढबाट नुसता, आवाजाला धारच नाही. जरा जास्त ओहमचा काढ की, जास्त अडथळ्याचा."

दुकानदाराने आणखी एक खोकं उघडलं. काउंटरवर मधोमध मास्तरांचा प्रीअँप, आवाज वाढवायचं यंत्र, बसला होता. जुन्या चादरीत गुंडाळून, बसमधून मांडीवर घेऊन आणलेला. शेजारच्या प्लेअरवर रेकॉर्डही मास्तरांचीच फिरत होती. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर आपला हेडफोन पारखणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून पेपर वाचणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"हा कितीचा?"

"बत्तीस ओहमचाच. आता सगळे तसेच येतात, मास्तर. मोबाइलवर चालणारे."

"मग प्रीअँपवर कसा चालेल? या आउटपुटचा स्वतःचाच अडथळा आहे. हेडफोनचा त्याच्या आठपट तरी नको का? लहान पंपाला भलता रुंद पाइप जोडलास तर पाणी येतं, पण जोर नसतो. तसंच आहे हे."

"तुमचा जुना आहे की सहाशे ओहमचा. तो तर या आउटपुटला अगदी जुळलेला आहे."

"तोच तर दबलाय आता. किती वर्षं झाली त्याला. त्याचाही जीव गेला असेल."

दुकानदाराने प्रीअँपसोबत आणलेला तो जुना हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला. मास्तरांनी बटण त्यांच्या हल्लीच्या खुणेपर्यंत फिरवलेलं होतं. चटका बसल्यासारखा त्याने तो काढला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर मास्तरांच्या मागे स्टुलावर बसलेल्या मास्तरीणबाईंकडे गेली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अगदी थोडीच, पण दुकानदार जुना माणूस होता.

"मलाही घरी कमीच येतं हो," मास्तरीणबाई मोठ्याने म्हणाल्या. "ते यंत्रच थकलं असणार."

दुकानदाराने उघडलेलं तोंड मिटलं. "असेल, वहिनी. यंत्राचंही वय होतंच," तो म्हणाला, आणि खोकी भरायला लागला.

मास्तरांनी जन्मात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते शहराला पाणी देणाऱ्या पंपघरात मेकॅनिक होते. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर चालू पंपाच्या अंगाला टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग. आठवडा काढेल." आणि ते बेअरिंग आठवडाच काढायचं. म्हणून ते कानमास्तर झाले, आणि लग्न होऊन आलेली बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. ती शिवणकाम करायची. पहिल्या पहिल्यांदा शेजारच्या पोरांचे आईबाप तिला विचारायचे, "बाई, कुठल्या शाळेत?" ती म्हणायची, "पंपाच्या."

प्रीअँप त्या लग्नानंतरच्या दिवसांतला. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात सासू, सासरे, धाकटा दीर आणि ही दोघं. नवराबायकोने दोन शब्द बोलायचे तरी तिघांच्या साक्षीने. मास्तरांनी एका मासिकातली आकृती बघून, भंगारातून एकेक तुकडा आणून ते यंत्र जुळवलं. बाहेर मोठा आवाज नको म्हणून त्याला हेडफोनचं आउटपुट काढलं. हेडफोन एकच होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की दोघं खिडकीखाली टेकून बसायची आणि त्या हेडफोनची एक वाटी मास्तरांच्या कानाला, एक तिच्या. डोक्याला डोकं लागायचं. सासूबाई डोळे मिटूनच विचारायच्या, "काय चाललंय रे?" मास्तर म्हणायचे, "टेस्टिंग."

पुढे दुसरा हेडफोन आला, दुसरं भोक पाडलं गेलं. आवाजाचं बटण मात्र एकच राहिलं. दोघांना एकच आवाज. मास्तर वाढवतील तेवढा तिचाही वाढणार, कमी करतील तेवढा तिचाही कमी. त्यात कधी काही बिघडलं नाही, कारण दोघांना सारखंच लागायचं. घर मोठं झालं, सासूसासरे गेले, दीर वेगळा राहायला गेला, लेक वाढून परगावी नोकरीला लागली. आता मोठ्याने लावलं तरी कुणाची झोप मोडणार नव्हती. तरी दुपार झाली की दोघं हेडफोन लावूनच बसायची. विचारलं असतं तर मास्तर म्हणाले असते, स्पीकरपेक्षा यात स्वच्छ ऐकू येतं. मास्तरीणबाईंना कारण माहीत होतं. त्या खोलीत त्यांना स्वतःची म्हणून मिळालेली पहिली जागा ती होती, दोन वाट्यांच्या मधली.

एक रेकॉर्ड दोघांची ठरलेली. त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी वाद्यं थांबतात आणि गाणारी बाई श्वास घेते. एवढासा, आत ओढलेला श्वास. मास्तरांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा बोट वर केलं होतं, पंपाचं दुखणं सापडल्यावर करायचे तसं. मग तो रिवाजच पडला. श्वास आला की बोट वर.

मागच्या वर्षी ते बोट एकदा उशिरा आलं. मग आणखी उशिरा, आणि एके दिवशी आलंच नाही. बाई श्वास घेऊन गायला लागली, कडवं अर्ध्यावर गेलं, तरी मास्तरांचा हात गुडघ्यावरच होता. त्यांनी पुढे वाकून बटण थोडं फिरवलं. "दबका येतोय, नाही?" ते म्हणाले.

"हो, जरा कमीच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. ते त्यांचं पहिलं खोटं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी सासूबाईंच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. पण ज्याला आयुष्यभर नाचता आलं त्याला अंगण वाकडं वाटायला लागलं, तर त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? ज्या माणसाची सगळी पत कानात होती, त्याचा कानच गेला हे बायकोने सांगावं? लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना एकदा कान दाखवून घे ना." मास्तरीणबाई म्हणायच्या, "त्यांचे कान? अगं, लोक पंप दाखवायला त्यांच्याकडे येतात."

दर दुपारी बटण थोडं थोडं पुढे जात राहिलं. मास्तरीणबाईंच्या कानात आता आवाज मावेना. डोकं ठणकायला लागलं. हेडफोन काढून ठेवावा तर मास्तर विचारणार, का काढलास. मग त्यांनी शिवणाच्या डब्यात कापसाचे दोन बोळे करून ठेवले. दुपारी पदर सारखा करायच्या निमित्ताने कानात घालायचे, केस पुढे ओढायचे, वर हेडफोन. आता त्यांना नीटसं काही ऐकू यायचं नाही आणि मास्तरांनाही यायचं नाही. दोघं शेजारी बसून एकच गाणं न ऐकता संपवायची. याचं त्यांना हसू यायचं.

दुकानातून परत आल्यावर दोनच दिवसांनी सकाळी डब्यात एकच बोळा सापडला. त्यांनी चटई झटकली, मशीनखाली पाहिलं. दुसरा कुठेच नव्हता. मग आठवलं, काल हेडफोन काढताना घाई झाली होती. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. मास्तर दोन्ही हेडफोनच्या गाद्या ओल्या फडक्याने पुसत बसले होते. हे ते महिन्यातून एकदा करायचेच.

"काही शोधतेयस का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सुई," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याच सकाळी पंपघराचा आताचा फोरमन दारात आला. नवा पंप कण्हतोय म्हणाला, एकदा कान लावून जा. गेले काही महिने मास्तर गुडघ्याचं निमित्त सांगून टाळायचे. आज मात्र त्यांनी खिळ्यावरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, चपला घातल्या आणि गेले. मास्तरीणबाईंच्या हातातला कपडा दिवसभर मशीनखालून पुढे सरकला नाही.

संध्याकाळी मास्तर आले ते रिकाम्या हाताने. खिळा तसाच मोकळा राहिला.

"स्क्रूड्रायव्हर विसरलात?"

"दिला त्याला. तिथेच कामाला येईल."

"आणि पंप?"

मास्तरांनी चपला भिंतीशी नीट लावल्या. "बराच वेळ धरला मी कानाला. मग त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तू ऐक, मी सांगतो काय ऐकायचं ते. दोष कपलिंगचा निघाला." मग ते म्हणाले, "चांगला आहे कान त्याचा."

"चहा टाकते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सोल्डरिंगच्या, डाग द्यायच्या इस्त्रीचा वास सुटला. राळ जळल्याचा, गोडसर. किती वर्षांनी आला होता तो. मास्तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन प्रीअँपच्या उघड्या पोटात डोकं घालून बसले होते. मास्तरीणबाईंनी विचारलं नाही. दुरुस्ती चालली आहे म्हणजे अजून यंत्रावरच राग आहे, असं त्यांना वाटलं. त्यांना जरा बरंही वाटलं.

दुपारी मास्तरांनी हाक मारली, "चल गं."

त्यांनी सकाळीच नवे बोळे केले होते. ते घातले, केस ओढले, हेडफोन लावून नेहमीच्या जागी बसल्या. मास्तरांनी रेकॉर्डवर सुई ठेवली आणि बटण फिरवलं. नेहमीच्या खुणेच्या पुढे, आणखी पुढे, पार शेवटाजवळ. मास्तरीणबाईंनी डोळे घट्ट मिटले.

काहीच आदळलं नाही. तिसऱ्या घरात कुणीतरी गात असावं, इतका लांबून आवाज आला. खरंच बिघडलं की काय यंत्र? क्षणभर त्यांना आनंदच झाला. म्हणजे दोष खरंच यंत्राचा होता, कानांचा नव्हता.

डोळे उघडले तर समोर मास्तरांचा तळहात होता. उताणा, काहीतरी मागणारा. मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते, रेकॉर्डकडे बघत होते.

मास्तरीणबाईंनी हेडफोन वर सरकवला. एक बोळा काढला, मग दुसरा, आणि त्या हातावर ठेवले. मास्तरांनी मूठ मिटली आणि ती सदऱ्याच्या खिशात रिकामी केली. खिशातला आधीचा एक बोळा मास्तरीणबाईंना तेव्हा दिसला.

हेडफोन पुन्हा लावला तेव्हा गाणं जवळ आलं होतं. सासूबाई झोपलेल्या असताना यायचं ना, अगदी तेवढंच.

"तुझ्या हेडफोनच्या भोकाला रेझिस्टर टाकला," मास्तर म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, जरा मोठ्याने. "आता मी कितीही वाढवला तरी तुला बेताचाच येईल. प्रीअँपला काही झालं नव्हतं. हेडफोनलाही नाही."

"मला ठाऊक होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग ते त्यांना पोचलं नसेल असं वाटून त्यांनी नुसती हो म्हणून मान हलवली.

पहिलं कडवं सरलं. वाद्यं एकेक करून थांबायला लागली. मास्तरीणबाईंनी शेजारी पाहिलं. मास्तरांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता, पण ते रेकॉर्डकडे बघत नव्हते. त्यांची नजर बायकोच्या मांडीवरच्या हाताकडे लागली होती.

गाणाऱ्या बाईने श्वास घेतला.

मास्तरीणबाईंनी बोट वर केलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि मान डोलावली, पंप ठीक चाललाय असं सांगताना डोलवायचे तशी.