महिन्याभराच्या कॉलची यादी

पिठाच्या डब्यावर ठेवलेला प्रीतमचा फोन थरथरला आणि झाकण खुळखुळलं. आमची लेक जानकी नुकतीच झोपली होती, तिचा पाय अजून माझ्या मांडीवर होता. फोन उचलायला मी हात लांब केला, तेवढ्यात प्रीतम तोंड पुसत मोरीतून बाहेर आला. त्याने फोन जवळजवळ हिसकावलाच.

"बोला मॅडम," म्हणत गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

मॅडम म्हणजे शर्मिष्ठा मॅडम. अंधेरीला आरटीओजवळ बसतात, ट्रक ड्रायव्हरांच्या केसेस घेतात. विलेपार्ल्याला हायवेवर प्रीतमच्या दहाचाकीचा फोटो निघाला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा उजव्या कानावर. गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होता, असं चलान आलं. गाडीच्या मालकाने, शेटने, ते परस्पर ऑनलाइन भरून टाकलं. भरलं म्हणजे गुन्हा कबूल, हे कोणाच्या डोक्यात येणार? मग प्रीतमला आरटीओची नोटीस आली: लायसन्स तीन महिने निलंबित का करू नये, ते सोमवारी येऊन सांगा. तीन महिने हा घरी बसला, की शेट त्या गाडीवर दुसरा माणूस बसवणार. मग ती गाडी गेलीच.

हे सगळं मला कळत होतं. खुपत होतं ते वेगळंच. मी दिवसभराचं काही सांगायला लागले की, "हं." फार झालं तर, "काय गो?" आणि मॅडमशी गॅलरीत उभं राहून गप्पा! आत आला की मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या.

"मग आज भाजी काय करू तेही मॅडमनाच विचार."

"काय गो?"

"काही नाही."

"अगं, त्यांना कॉलची यादी हवीय. त्या वेळी मी फोनवर नव्हतोच, हे दाखवायला. सिम तुझ्या नावावर आहे ना, तुलाच जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी जानकीला घेऊन मी फोन कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणत्या तारखेची?" मी म्हटलं, "महिन्याभराची द्या."

वाकोल्याच्या बसस्टॉपवर बसून ती यादी वाचली. फोटोच्या वेळेला एकही कॉल नव्हता. माझा नवरा खरं बोलत होता. पण माझं बोट तिथे थांबलंच नाही. मॅडम, अकरा मिनिटं. मॅडम, चौदा मिनिटं. मी, चाळीस सेकंद. मी, पंचवीस.

घरी येऊन कागद जानकीच्या लहान झालेल्या झबल्यांखाली ठेवला.

"सर्व्हर डाउन होता," मी प्रीतमला सांगितलं. शनिवारी सांगितलं, रविवारीही सांगितलं. बसू दे तीन महिने घरी, मग बघू मॅडम किती फोन करतात. असं खरंच आलं माझ्या मनात.

सोमवारी सकाळी तो लग्नातला शर्ट इस्त्री करत होता. कॉलरवरून इस्त्री फिरवली, पुन्हा फिरवली, परत पहिल्यापासून. माझ्याच्याने बघवेना. कागद पर्समध्ये टाकला, जानकीचं बोट धरलं आणि म्हटलं, "मीही येते."

मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. सुती साडी, छान दिसत होत्या, मेल्या. "प्रीतम, इकडे बसा," म्हणत त्यांनी स्वतःचं स्टूल त्याच्या डाव्या हाताला सरकवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागल्या. आणि हा घडाघडा उत्तरं देत होता!

"मॅडम, एवढ्या मोठ्याने कशाला?" मी विचारलं.

मॅडमनी प्रीतमकडे बघितलं. "घरी सांगितलं नाहीत?"

मग कळलं. सहा महिने त्याला उजव्या कानाने धड ऐकू येत नव्हतं. मधूनच ठणका लागायचा, म्हणून कान दाबून धरायचा. डॉक्टरकडे गेला नव्हता, तिथे कागद झाला तर लायसन्स जाईल म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"आणि मॅडम?"

"मॅडम वकील आहेत गो!"

मला त्याची कणव यायला हवी होती. आली, पण नंतर. आधी जळफळाटच झाला. रोज मी त्याच्या उजव्या कुशीत झोपते. सहा महिने त्या कानात बोलत राहिले, आणि कळलं आधी हिला.

मी यादी काढून दिली. मॅडमचं बोट कागदावरून उतरत स्वतःच्या नंबरावर थांबलं, मग माझ्या. त्यांनी वर बघितलं. त्या तारखेचं पान तेवढं घेतलं आणि बाकीची माझ्या हातात परत दिली.

वर आरटीओच्या ऑफिसात साहेबांनी फोटो पुढे केला. "फोन नव्हता, तर हात कानावर कशाला?"

"साहेब, नोटीस फोनची आहे," मॅडम म्हणाल्या. "त्या वेळी फोन नव्हता, ही यादी बघा. दंड मालकाने भरला, ड्रायव्हरला न विचारता."

साहेब माझ्याकडे वळले. "सिम तुमचं?"

"हो."

"आणखी काही सांगायचंय?"

प्रीतम माझ्याकडे बघत होता. मॅडम टेबलाकडे.

"नाही," मी म्हटलं.

साहेबांनी नोटीस निकालात काढून सही केली.

खाली आल्यावर प्रीतमने शेटला फोन लावला, डाव्या कानाला. "वाचलो शेट! उद्यापासून येतो." इतका मोकळा हसताना मी त्याला कितीतरी दिवसांनी बघत होते. मघाशी मॅडमच्या टेबलाशी जानकी मुकाट माझा पदर चघळत उभी होती. तिने सगळं ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. आता तिने माझं बोट ओढलं.

"आई, मागून कोणी हॉर्न मारला, तर बाबाला ऐकू येतो?"