टिंबामागची नोंद

"नाही सापडलं," रुपाली म्हणाली, तेव्हा प्रभुदासचा चहाचा कप अजून ओठांपर्यंतही पोचला नव्हता.

साखर कारखान्याच्या संगणक विभागात प्रभुदास साळवेची एकतीस वर्षं गेली होती. युनिक्सच्या काळ्या पडद्यासमोर बसून केस पांढरे झाले. शोधायचं तर ग्रेप ही आज्ञा, यादी हवी तर एलएस, फाइल वाचायची तर कॅट. याहून वेगळं कोणी शिकवायला लागलं की तो खिडकीबाहेर बघायचा. श्रीगोंद्याची रुपाली चार महिन्यांपूर्वी रुजू झाली आणि तिने जुनी भांडी बदलायलाच काढली. ग्रेपच्या जागी रिपग्रेप, एलएसच्या जागी एझा, कॅटच्या जागी बॅट. सगळं फुकट, जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेलं, कोणीही उघडून आत बघावं असं. तिच्या पडद्यावर फाइलींची नावंसुद्धा रंगीत दिसत. "झाली का रंगपंचमी?" असं प्रभुदास रोज सकाळी विचारायचा. मनातून मात्र त्याला ती आवडायची, कारण ती भांडता भांडता हसायची.

आज मात्र हसण्यासारखं नव्हतं. दारात देवळालीकडची बनुबाई उभी होती.

"सायेब, मागल्या आखाडात उसाची लागण केली. नोंद दिल्ती, इथंच, तुमच्या खिडकीत. पावती उंदरानं खाल्ली. आता तोडीची चिठ्ठी देनारा चिटबॉय म्हनतो, कागदावर तुमचा ऊसच न्हाई."

चार वाजता तोडणीची यादी पक्की होणार होती. त्यात नाव नाही म्हणजे बनुबाईच्या उसाला कोयता लागणार तो थेट उन्हाळ्यात, त्याचं पाचट झाल्यावर.

"काका, सगळ्या फाइली बघितल्या, दोन सेकंदांत," रुपाली म्हणाली. "मावशींचा सभासद नंबर त्या महिन्यांत कुठंच नाही."

"तुझं ते पळत बघतं. माझं जरा चालत बघू दे."

त्याने ग्रेप लावला. पडद्यावर नुसती चौकट लुकलुकत राहिली. रुपालीने घड्याळाकडे बघितलं, मग मुद्दाम जांभई दिली. बनुबाईला स्टुलावर बसवून प्रभुदासने आपला चहा तिच्यापुढे सरकवला. तो संपून कप वाळलासुद्धा. सव्वातीनला एक ओळ उमटली: बनुबाईचा नंबर, अकरा जुलै, लागण.

"बघ! म्हातारं हाय, पन आंधळं न्हाई!" प्रभुदासने टेबलावर थाप मारली.

रुपाली वाकून बघत होती. "काका, या फोल्डरच्या नावाआधी टिंब आहे. टिंब दिलं की ते लपतं. माझं टूल लपवलेलं सोडून देतं, मुद्दाम सांगावं लागतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली घेतल्या तेव्हाही हे असंच सुटलं असणार. पण टिंब दिलं कोणी?"

प्रभुदासचा हात टेबलावरच राहिला. मागच्या जुलैत शेतकी खात्यातल्या लोकांनी साफसफाईच्या उत्साहात दोनदा फाइली उडवल्या होत्या. तेव्हा त्याने वैतागून फोल्डरला टिंब लावून ठेवलं, कोणाला दिसू नये म्हणून. चार दिवसांसाठी. मग त्याच्याही डोक्यातून ते गेलं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्या," तो म्हणाला. "तुझ्या त्या पळणाऱ्याला सांग, टिंबामागचं समदं शोध."

रुपालीने आज्ञेत एक शब्द वाढवला आणि बोट उचलायच्या आत अडतीस शेतकऱ्यांची नावं रंगांत उभी राहिली. एवढ्या गडबडीतही प्रभुदास पुटपुटला, "लई भारी हाय गं हे."

यादी छापून दोघं शेतकी अधिकारी गहिनीनाथ यांच्याकडे गेले. खोलीत सगळे गटप्रमुख जमले होते. गहिनीनाथ यांनी कागद वाचला आणि मान डोलावली. "अडतीस जणांच्या तारखा लावून घेतो. वर विचारलं तर कंप्युटरची चूक म्हणून सांगू. कंप्युटर काय भांडायला येतोय?"

सगळे हसले. या कारखान्यात वीस वर्षं प्रत्येक चूक कंप्युटरचीच होती.

"न्हाई साहेब," प्रभुदास म्हणाला. "कंप्युटरनं न्हाई, म्या दडवलं. तसंच लिव्हा."

हसू थांबलं. रुपालीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला उगाच खोकला आला.

बाहेर बनुबाई व्हरांड्यात बसली होती. तिची तारीख लागली होती, पुढच्या सोमवारची. प्रभुदासने ती सांगितली आणि लगोलग बाकीचंही सांगून टाकलं. "मावशी, शेतकीवाले फाइली पुसत हुते म्हून तुमची नोंद म्याच लपवून ठेवली, आन् इसारलो. माफ करा."

बनुबाईने हात झटकला. "लपवली म्हून तर ऱ्हायली की. न्हाईतर त्यांनी पुसलीच असती." आणि पदर सावरत उठली.

प्रभुदास गेटपर्यंत तिच्यासोबत गेला. वॉचमनने तिचा पास मागितला, बघितला आणि प्रभुदासपुढे धरला. "सायेब, सही करा. कामाच्या स्वरूपाचा रकाना मोकळाच हाय."

प्रभुदासने पास भिंतीवर धरला, आपल्या वळणदार अक्षरात 'चूकदुरुस्ती' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली.