बाबाला ढकलणारी

निरोप घेतला की तीन वर्षांची सिग्ने रडून आकांत मांडायची, म्हणून तिचा बाबा एस्किल तिला बालवाडीत सोडून रोज गुपचूप सटकायचा. आता तर ती घरीही त्याची पॅन्ट सोडेना.

"चोरासारखा पळतोस, मग ती पहारा देणारच की!" शिक्षिका गुर्ली हसली. मग सिग्नेपुढे गुडघे टेकून म्हणाली, "रडू येतंय ना? येऊ दे. पण बाबा बघ केवढा जड! त्याला दाराबाहेर ढकलशील?"

डोळे वाहत होतेच, तरी सिग्नेनं दोन्ही तळवे लावून बाबाला ढकलत ढकलत बाहेर काढलं आणि खिडकीशी जाऊन हात हलवला.

बाहेर बर्फात उभा एस्किल काचेतून गुर्लीकडे बघत राहिला. एवढंसं काम, पण त्याचं जाणं आज लेकीच्या हातात दिलं होतं तिनं.

"जा ना आता!" काचेआडून सिग्ने ओरडली.