शेवटच्या बाकावर ऐकू येतं

चौकातलं ते लहानसं जुनं चर्च न्हाव्याने सलूनसाठी भाड्याने घेतलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. प्रार्थनेला येणारी घरं एकेक करून शहरात गेल्यावर तिथे शाळा भरली, मग पिठाची पोती आली, मग पोस्ट. पोस्टही हललं आणि उरली दगडी कमान, उंच छत आणि जमिनीत पक्के रोवलेले सहा बाक. बाक काही केल्या निघेनात, म्हणून न्हाव्याने ते गिऱ्हाइकांना बसायला ठेवले आणि आपली खुर्ची मांडली थेट कमानीखाली.

पहिल्याच महिन्यात शिंपी दाढीला आला.

"काय हो, हल्ली वाळलात?" न्हाव्याने फेस लावता लावता विचारलं.

शिंपी कुजबुजला, "कुणाला सांगू नकोस. बायकोचा डबा घशाखाली उतरत नाही रे. रोज दुकानामागच्या कुत्र्याला घालतो."

"आणि कुत्रा?"

"तोही हल्ली फिरकत नाही."

तोच पार दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून कुणीतरी खो खो हसलं. ते शिंप्याचे सासरे होते. "जावईबापू, तिला तिच्या आईने शिकवलंय! मी पंचवीस वर्षं खिडकीतून टाकत आलो!"

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात सासऱ्यांच्या मागे, दारात, छत्री मिटत शिंपीणबाई उभ्या. "उद्यापासून स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा," एवढंच बोलून त्या आल्या पावली परत गेल्या.

उलगडा केला तो शाळेच्या निवृत्त बाईंनी. "कमानीखालचं कुजबुजणं छतावरून जातं ते शेवटच्या बाकावर उतरतं. मी तिथे बसूनच बत्तीस वर्षं फळ्याजवळच्या खोड्या पकडल्या. मुलांना वाटायचं, बाईंना पाठीला कान आहेत."

झालं! शेवटचा बाक सकाळपासून भरू लागला. डोक्यावर औषधालाही केस नसलेला एक पेन्शनर रोज "नंबर लावलाय" म्हणून बसायचा. खुर्चीतल्या माणसाची मात्र दातखीळ बसायची. न्हाव्याला बोलल्याशिवाय कात्री चालवता येत नसे; आठवड्याभरात तो अगदी कोमेजला. शेवटी त्याने खुर्ची उचलून खिडकीशी नेली. तिथलं बोलणं तिथेच राहू लागलं. पेन्शनरने दोन दिवस कान देऊन पाहिलं, लाजेकाजेस्तव एक दाढी करून घेतली आणि पुन्हा दिसला नाही.

मग शिंपी आला, भाजलेल्या दोन बोटांना पट्ट्या बांधून. आधी मागे वळून बाक पाहिला.

"सासरेबुवा भाजी चिरतात, मी फोडणी देतो. ती म्हणते, झकास होतं."

"मग चांगलंच की!"

"चांगलं काय डोंबल! आता पाहुण्यांचं रांधणंही आमच्याच गळ्यात. रविवारी अकरा जण जेवायला आहेत."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. "मी येऊ?"

शिंप्याने जरा विचार केला. "ये. पण कांदे तू चिरायचेस."