पहिली सरी

मानसिंगअण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झकास झालं, आणि तिसऱ्या दिवशी माणूसच हरवला. सांगलीच्या दवाखान्यात खाटेला हात बांधलेले आणि तोंडानं एकच, "सर्ज्या, हिकडं! आरं हिकडं, मुडद्या!" सर्ज्या बैल मरून वीस वर्षं झाली होती. लेक अंकिता पुढं गेली, तर तिलाच विचारलं, "तू कोण गं बाई?" पोटच्या पोरीला!

भाऊसोकाकांनी तर निकालच देऊन टाकला. "मेल्याली जनावरं दिसत्यात, म्हंजे बाहेरचं हाय. घरी न्यायच्या कागदावर सही कर, गाडी बोलावलीया. उंब्रजला नेऊन अंगारा लावू." टाके ओले, अंगात ताप, आणि ह्यांना अंगारा सुचतोय! पण सगळं गणगोत काकांच्याच बाजूचं.

अंकितानं डॉक्टर कस्तुरीबाईंना जिन्यातच गाठलं. "आवं मॅडम, खरं सांगा, अण्णा येडं झाल्यात व्हय?"

"वेड नाही, डिलिरियम. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर होतं. बरेचजण यातून परत येतात. ओळखीचं माणूस समोर राहू दे. पण आत्ता घरी नेलंत, तर जिवाला धोका आहे."

"डिलिरियम म्हंजे काय? काकाला कायतरी सांगाय नको?"

डॉक्टर दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "लॅटिन शब्द आहे. त्यांच्यात लिरा म्हणजे सरी. नांगर सरीबाहेर गेला, की डिलिरियम."

अंकिता पळतच वॉर्डात आली. दर उसाच्या लागणीला पहिली सरी अण्णा स्वतः सोडायचे, आणि पलीकडच्या बांधावर हिला उभी करायचे, डोक्यावर लाल टॉवेल ताणून. नजर पोरीवर ठेवली, की बैल रेघभरही सरीबाहेर जायचे नाहीत.

काका कागद घेऊन उभेच होते. त्यांना बाजूला सारून ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि लाल ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणली. "अण्णा, माझ्याकडं बघा! सरी वाकडी चाललीया!"

"आता हिलाबी लागलं," काका पुटपुटले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हात भरून आले, ओढणी थरथरायला लागली. अण्णा आपले छताकडं बघून सर्ज्याला शिव्या देतायत. देवा, एकदा तरी बघू दे रे!

मग मान वळली. डोळे ओढणीवर अडकले, हळूहळू खाली तिच्या तोंडावर आले.

"अंके," अण्णा म्हणाले, "हलू नगंस. येतुया मी."

काकांनी कागदाची घडी घातली. अंकितानं हात खाली घेतले नाहीत.